आमची ठिपकी का लंगडत होती?



आमच्या घरी सहा कोंबड्या व एक कोंबडा आहे. त्यांतली ठिपकी माझी. ती पिल्लू असताना घारीने झडप घातली होती. आजी ओरडली म्हणून घारीने तिला सोडले. तेव्हापासून मीच तिला हातावर दाणे भरवले. हाक मारली की ती पळत येते, माझ्या दप्तरावर बसते.

दिवाळीच्या सुट्टीत एके दिवशी मी हाक मारली, तर ती आलीच नाही. उकिरड्याजवळ एका पायावर उभी होती. दाणे टाकले तेव्हा आली, पण उजवा पाय टेकवेना. ती येईपर्यंत बाकीच्यांनी दाणे संपवलेसुद्धा. आण्णा म्हणाले, "लंगडी कोंबडी काय कामाची? रविवारी मामा येणारेत, कालवण करू." मला रडूच आलं. शेवटी आजीने मध्ये पडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

आधी माझी चूक सांगते. आमच्या शिवारात बाभळी फार. मला वाटलं, काटाच मोडला असणार. ठिपकीच्या तळव्यावर काळे काहीतरी दिसले. मी सुई घेऊन ते टोकरले. काटा निघाला नाही, रक्त मात्र आले. ठिपकीने मला त्या दिवशी पहिल्यांदा चोच मारली. दुसऱ्या दिवशी सूज वाढली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बिब्बा लाव." आजी म्हणाली, "बिब्ब्यानं कातडी जळंल, नको." कोणाचे ऐकावे ते कळेना. म्हणून चौथ्या दिवशी तिला डालग्यात घालून आजी आणि मी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी औषधाला हातच लावला नाही. आधी मला विचारले, "कोंबडीचा गुडघा कुठे आहे, दाखव." मी पायाचा मागे वाकणारा सांधा दाखवला. ते हसले. तो गुडघा नाहीच, तो घोटा आहे! गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. म्हणजे कोंबडी आपल्यासारखी टाच टेकवून चालत नाही, बोटांवर चालते. आमच्या कोंबड्यांना तीन बोटे पुढे आणि एक मागे आहे. सगळा भार या बोटांवर आणि त्यांच्या मधल्या छोट्याशा गादीवर पडतो. या गादीला जराशी जखम झाली तरी कोंबडी लंगडते. पायावरचे खवले आपल्या नखासारख्याच पदार्थाचे असतात. निरोगी पायाचे खवले कौलांसारखे एकावर एक चपटे बसलेले असतात.

मग त्यांनी पाय तपासायला शिकवले. कोंबडीला दिवसा अंगणभर पळवून पकडू नये, ती घाबरते. अंधार पडल्यावर ती शांत असते, तेव्हा अलगद उचलावे. फडक्यात गुंडाळावे, पण छातीवर आवळू नये. कोंबडीच्या छातीत आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती-पोट हलले तरच तिला श्वास घेता येतो. आवळले तर ती गुदमरते. मग दोन्ही पाय कोमट पाण्याने धुवावेत. चिखल लागलेल्या पायाचे काहीच समजत नाही. नंतर पाय उलटा करून तळवा बघावा, बोटांच्या बेचक्यात बघावे, आणि दुखरा पाय चांगल्या पायाशी ताडून बघावा. कोंबडीचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असते, ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास. त्यामुळे एकच पाय हाताला लागला तर फसायला होते. दोन्ही पाय धरून बघितले तर कोणता जास्त तापलाय ते कळते.

ठिपकीचा उजवा तळवा गरम होता, सुजलेला होता आणि मध्ये काळी वाटोळी खपली होती. डॉक्टर म्हणाले, हा तळव्याचा गळू आहे. जखमेतून जंतू आत शिरतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस नावाचे, आणि आत पू धरतो. मी म्हटलं, "पण पू तर आलाच नाही." तेव्हा समजले की पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो. तो घट्ट होतो, वाळलेल्या खरवसाच्या खड्यासारखा. दाबून तो बाहेर येत नाही. दाबले किंवा सुईने टोचले तर जंतू उलट आणखी खोल जातात. हे ऐकताना मी खाली मान घालून बसले होते.

नंतर त्यांनी आजीला विचारले, "रात्री ही कुठं बसते?"

आजी म्हणाली, "गोठ्यात, आढ्याच्या लाकडावर."

"आणि खाली काय आहे?"

खाली कोबा आहे. उन्हाळ्यात आण्णांनी हौसेने केलेला. पूर्वी तिथे माती होती, माणसाच्या उंचीवरून उडी मारली तरी काही होत नसे. आता रोज पहाटे ठिपकी त्याच उंचीवरून सिमेंटवर आदळत होती. तळवा ठेचत गेला, चिरला आणि गोठ्यातल्या शेणा-मुतातले जंतू आत गेले. वजनदार कोंबड्यांना हा त्रास जास्त होतो, पण गावठी कोंबडीलाही होतो हे आम्ही पाहिले.

डॉक्टरांनी जागा बधिर करून खपली काढली आणि आतला पिवळट खडा काढला. हरभऱ्याएवढा होता. जखम धुऊन, औषध लावून पट्टी बांधली. घरी आम्ही रोज हे केले : कोमट पाण्यात मीठ घालून पाय दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवायचा, कोरडा टिपायचा, त्यांनी दिलेले तपकिरी आयोडीनचे औषध लावायचे, स्वच्छ पट्टी बदलायची. पट्टी फार घट्ट नको, नाहीतर बोटे सुजतात. ठिपकीला वेगळ्या डालग्याखाली भाताच्या कोरड्या तुसावर ठेवले, कारण बाकीच्या कोंबड्या लंगडीला टोचतात. प्रत्येक वेळी साबणाने हात धुतले. तेच जंतू आपल्या हाताच्या जखमेतही जाऊ शकतात. गोळ्या चालू असताना आणि नंतर डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस तिची अंडी खायची नव्हती. घरात माणसांच्या उरलेल्या गोळ्या असतात, त्या कोंबडीला घालू नका असे त्यांनी आजीला दोनदा बजावले. (आजीने दोन्ही वेळा माझ्याकडे पाहिले.)

मुदत संपली त्या दिवशी सूज उतरत होती, पण पाय अजून टेकत नव्हता. आण्णांनी पट्टी सोडायला लावली, तळवा बघितला, आणि काही न बोलता बाहेर गेले. रविवारी मामांना वांग्याचे भरीत मिळाले.

ही गोष्ट वस्तीवर समजल्यावर लोक आपापल्या कोंबड्या घेऊन येऊ लागले. एका म्हाताऱ्या कोंबड्याच्या नडग्या जाड, खडबडीत झाल्या होत्या, खवले उभे राहून आत पांढरी भुकटी दिसत होती. हे खवल्यांखाली राहणारे अगदी बारीक किडे असतात. अशा पायांवर काहीजण रॉकेल लावतात, त्याने कातडी भाजते. कोमट पाण्यात पाय भिजवून, मऊ ब्रशने घासून, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोपडले की किडे गुदमरतात. हे काही आठवडे करावे लागते. खवले ओरबाडू नयेत. सगळ्या कोंबड्यांचे पाय तपासावेत आणि बसायची दांडीही साफ करावी, कारण किडे एकीकडून दुसरीकडे जातात. एका पिल्लाच्या बोटाला गोणीचा धागा गुंडाळला होता, सुजेत तो दिसतच नव्हता. पाय भिजवून लहान कात्रीने कापला. बोट काळे पडले असते तर डॉक्टरांकडेच न्यावे लागले असते.

मात्र पाय स्वच्छ आहे, सूज नाही, तरी कोंबडी उभी राहत नाही, तर तो रोग पायाचा नाही. एक पाय पुढे व एक मागे ताणलेला असेल तर मरेक्सचा रोग असू शकतो. मान वाकडी आणि हिरवट हगवण असेल तर राणीखेत, ज्याला उत्तराखंडातल्या गावाचे नाव पडले आहे. दोन्ही विषाणूंचे रोग आहेत. झाल्यावर त्यांवर औषध नाही, आधी लस टोचावी लागते. तेव्हा पाय शेकत बसू नका, कोंबडी वेगळी ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात कळवा.

ठिपकीला बरे व्हायला तीन आठवडे लागले. आण्णांनी स्वतः गोठ्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर नवी दांडी ठोकली, तिच्या कडा तासून गोल केल्या आणि खाली तूस पसरले. ठिपकी अजून उजवा पाय जरा तिरका टाकते. परवापासून ती पुन्हा अंडी घालू लागली आहे. खुराड्यात नाही, आण्णांच्या पेंडीच्या पोत्यावर.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी