नाकावर विसंबू नका

आपल्या गावची कितीतरी माणसे पोटासाठी मुंबईला जातात. कोणी रखवालदार होतो, कोणी हमाली करतो, कोणी ठेकेदाराकडे साफसफाईला लागतो. हा पाठ आम्ही त्यांच्यासाठी लिहिला आहे. घरी राहणाऱ्यांनीही तो वाचावा आणि त्यांना सांगावा.

न्हाणीच्या आणि संडासाच्या पाण्याला मैलापाणी म्हणतात. ते शुद्ध करून मगच सोडायचे असते. त्यासाठी मुंबई महानगरपालिकेची घाटकोपर, भांडुप, वर्सोवा, मालाड येथे मोठी केंद्रे आहेत. अंधेरी, बोरिवली, मुलुंड भागांतल्या कित्येक मोठ्या इमारतींत लहान केंद्रेही असतात. ती पुष्कळदा तळघरात असतात. वर माणसांची घरे आणि खाली मैलापाण्याच्या बंद टाक्या!

उघड्यावर घाण हवा वारा घेऊन जातो. तळघरात वारा कुठला? तिथे विजेचे पंखे हवा बाहेर टाकतात. पंखे बंद पडले की हवा कोंडते.

मैला सडला की त्यातून वायू निघतात. त्यांतले दोन ओळखून ठेवा.

पहिला हायड्रोजन सल्फाइड. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. थोडा असला तर डोळे चुरचुरतात, डोके दुखते. वाढला की नाकच बधिर होते. वास येईनासा होतो. माणसाला वाटते, घाण गेली. खरा धोका तेव्हाच असतो. फार झाला तर एकदोन श्वासांतच माणूस कोसळतो. तोंडाला बांधलेला रुमाल हा वायू अडवत नाही.

दुसरा मिथेन. त्याला रंग नाही, वास नाही. ठिणगी पडली की तो भडकतो.

शिवाय बंद टाकीत प्राणवायू कमी होतो. चांगल्या हवेच्या १०० भागांत सुमारे २१ भाग प्राणवायू असतो. तो १९.५ च्या खाली गेला असेल तर आत उतरू नये.

सोड्याची बाटली हलवली की कशी फसफसते? टाकीतला गाळ ढवळला की तसेच होते. दबलेला वायू एकदम वर येतो. म्हणून सुरुवातीला हवा बरी होती, एवढ्यावर भागत नाही. काम चालू असेपर्यंत हवा मोजत राहावी लागते.

गावाकडे धान्याचे पेव उघडले की जुनी माणसे आधी कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर कोणी उतरत नसे. ते शहाणपणच होते. पण मैलापाण्याच्या टाकीत कंदील सोडू नका. काडी ओढू नका, विडी पेटवू नका. मिथेनचा स्फोट होईल. तिथे हवा मोजायचे यंत्रच हवे.

मुलुंडच्या पलीकडे ठाणे शहर आहे. तिथे ढोकाळी भागात मे २०१९ मध्ये एका वसाहतीच्या मैलापाणी केंद्राची सफाई चालली होती. तीन कामगार गुदमरून मेले.

अशा ठिकाणी एक पडला की दुसरा त्याला वाचवायला उतरतो. मग तोही पडतो. आपला माणूस खाली पडलेला पाहून पाय थांबत नाहीत, हे आम्ही जाणतो. तरीही उतरू नका. १०१ वर अग्निशमन दलाला बोलवा. कमरेला दोर आधीच बांधलेला असेल तर वरूनच ओढून काढता येते.

२०१३ च्या कायद्याने, संरक्षणाची साधने न देता माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. अशा कामात मृत्यू आला तर वारसांना ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितले. पण पैशाने माणूस परत येत नाही.

ठेकेदार म्हणेल, "पाच मिनिटांचे काम आहे, उतर." तेव्हा म्हणा, "साहेब, आधी हवा मोजा. पंखा लावा, दोर द्या, वर माणूस उभा करा. मग बघू." असे म्हणण्यात लाज नाही. घरी वाट पाहणारे आहेत.

प्रश्न
१. वास येईनासा झाला म्हणजे हवा चांगली झाली का?
२. टाकीत कंदील का सोडू नये?
३. सोबती आत पडला तर काय कराल?