बर्फ वितळेपर्यंत गप्प राहा

चि. मनूस,


चर्चेचा तास घेतलास, चार मुलं बोलली, बाकीची खिडकीबाहेर बघत बसली, हे वाचून नवल वाटलं नाही. ‘पाण्याचं महत्त्व’ हा काय चर्चेचा विषय झाला? ज्यावर सगळ्यांचं आधीच एकमत आहे, त्यावर मुलं निबंधातली वाक्यं म्हणून दाखवतात, दुसरं काय करणार!

आठवीला ‘बल व दाब’ घेते आहेस ना? मग तासाच्या सुरुवातीलाच काचेच्या पेल्यात बर्फाचा तुकडा तरंगत ठेव आणि काठोकाठ पाणी भर. विचार: बर्फ वितळला की पाणी सांडेल, खाली जाईल, की तेवढंच राहील? उत्तर आधी प्रत्येकाला वहीत लिहायला लाव, नाहीतर हुशार मुलाचा हात वर गेला की सगळ्यांचे जातात. मग हात मोजून तिन्ही आकडे फळ्यावर मांड.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर 1991 पासून असंच शिकवत आले. त्यांचा हिशेब मला पटतो. साधारण 30 ते 70 टक्के उत्तरं बरोबर असतील तरच मुलांना आपसात बोलू द्यावं. त्याहून कमी असतील तर मुद्दा पुन्हा शिकवावा, जास्त असतील तर पुढे जावं. पोर्शन संपत नाही म्हणून रडणाऱ्यांनी हे शेवटचं जरूर ऐकावं.

वेगळं उत्तर लिहिलेल्यांच्या जोड्या लाव. “पाण्याबाहेरचा बर्फ वितळून आत येणार, म्हणजे सांडणारच,” असं कोणीतरी ठासून सांगेल. चूक आहे, पण विचार करून केलेली चूक आहे. तिथेच थांब. “हे कोणाला पटत नाही? का?” एवढंच विचार. ‘शाब्बास’ म्हणू नकोस, मानही हलवू नकोस. बाईंचा चेहरा वाचण्यात मुलं पटाईत असतात. आणि प्रश्न विचारून तीन सेकंद तरी कळ काढ. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांचं निरीक्षण केलं, तेव्हा शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत असल्याचं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली.

पेल्याला बाहेरून पाणी सुटलं की “बाई, सांडलं!” असा ओरडा होईल. पुसून दाखव. तो वेगळा प्रश्न, उद्यासाठी ठेव. बर्फ वितळूनही पातळी तशीच राहिली, की मग आर्किमिडीज काढ: तरंगणारा बर्फ स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारतो आणि वितळल्यावर नेमकी तेवढीच जागा घेतो. हा धागा तूच जुळवायचा, तो मुलांवर सोडू नकोस. शेवटची पाच मिनिटं मात्र त्यांची. सुरुवातीच्या उत्तराखाली, मत बदललं का आणि कशामुळे, ते लिहू दे. पुढचा तास कुठून सुरू करायचा ते तुला त्या वह्यांतच सापडेल.

शेजारच्या वर्गातले सर डोकावतात म्हणतेस, तर वर्गात गलका होणार हे त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेव. जमलं तर तोच पेला त्यांच्यापुढेही ठेव.

तुझी,
मावशी