मान सांभाळा : उसाची ट्रॉली आणि मोटारसायकल



गळीत हंगामात आपल्या ट्रॉल्या रात्री-बेरात्री तुमसर-बपेरा रस्त्यावर असतात. एखादी पंक्चर होऊन उभी राहते. मागे दिवा नाही. मोटारसायकलवाला येतो तो थेट फाळक्यावर आदळतो. गाडी अडते, अंग पुढे जाते, हनुवटी फाळक्याला लागून डोके मागे फेकले जाते. सारा हिसका मानेच्या वरच्या टोकाला बसतो.

मानेत सात मणके असतात. पहिल्यावर डोके टेकलेले असते, दुसऱ्याच्या खुंटीवर ते फिरते. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. श्वासाचा पडदा हलविणाऱ्या नसा तिसऱ्या ते पाचव्या मणक्यापाशी निघतात. त्याच्या वर मज्जारज्जू चिरडला, की श्वास जागीच बंद!

अशी इजा वरून दिसेलच असे नाही. परळीच्या वैद्यनाथ सहकारी साखर कारखान्याचे संस्थापक आणि तेव्हाचे केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार अपघातात गेले. ते मागच्या सीटवर बसले होते. शवविच्छेदनात मानेच्या वरच्या मणक्यांना आणि यकृताला इजा आढळली. मोटारीत ही गत, तर दुचाकीवर अंगाला आडोसा कशाचा?

म्हणून जखमीला दोघांनी हातपाय धरून उचलू नये, बसवू नये, मान वळवू नये. एकाने डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे, दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. हेल्मेट ओढून काढू नये. मात्र श्वास बंद असेल तर आधी श्वास, मग मान. पोलिसांच्या भीतीने मागे राहू नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्यास संरक्षण आहे, नाव सांगण्याची सक्ती नाही.

हेल्मेटने मान मोडते, असे काही जण म्हणतात. त्यात तथ्य नाही. हेल्मेटमुळे मृत्यूचे प्रमाण घटते, मानेची इजा वाढत नाही. पट्टा मात्र हनुवटीखाली आवळलेला हवा.

ट्रॉलीवाल्यांनी एवढे करावेच :
१. मागे लाल परावर्तक पट्ट्या लावाव्या, चिखल रोज पुसावा.
२. ऊस फाळक्याबाहेर लोंबू देऊ नये.
३. बंद पडलेली ट्रॉली डांबरीवरून खाली घ्यावी. नच जमले तर मागे दूरवर दिवा ठेवून माणूस उभा करावा.

ट्रॉलीमालकांनी हे आपल्या ड्रायव्हरला आजच वाचून दाखवावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी