गुणगौरवाच्या मांडवात शिकलेलं

कराडपासून एस.टी.नं पाऊण तासावर, ऊसपट्ट्यातल्या एका माध्यमिक विद्यालयात मी एकतीस वर्षं शिकवलं. त्यातली शेवटची सात वर्षं मुख्याध्यापिका म्हणून काढली. पाचवी ते दहावी, साडेचारशेच्या आसपास पट. या काळात किती स्नेहसंमेलनं, किती गुणगौरव, किती निरोप समारंभ झाले याची मोजदाद नाही. मुलांचं कौतुक करणं सोपं असतं, असं नोकरीला लागताना वाटायचं. गुलाबाचं फूल, प्रमाणपत्र, टाळ्या, झालं! प्रत्यक्षात ते फार जबाबदारीचं काम आहे. काही गोष्टी माझ्या हातून चुकल्यावर कळल्या, काही मुलांनीच शिकवल्या. नव्यानं रुजू झालेली शिक्षक मंडळी अजून फोन करतात, "बाई, कार्यक्रम कसा बसवू?" त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते.

१. मुलाचं नाव आधी त्याच्याच तोंडून ऐकून घ्या.

नोकरीच्या चौथ्या वर्षी प्रमाणपत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. रात्री दीडपर्यंत बसून कट निबच्या पेनानं साठ-पासष्ट प्रमाणपत्रं लिहिली. विज्ञान प्रदर्शनात पहिली आलेल्या मुलीचं आडनाव लोखंडे. मी लिहिलं लोंढे, आणि दुसऱ्या दिवशी माईकवरून वाचलंही तसंच. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. शेवटी शेजारच्या मुलीनं तिला कोपरानं ढोसलं, तशी ती उठली, खाली मान घालून आली, कागद घेतला आणि गेली. टाळ्या वाजल्या त्या लोंढे नावाच्या, आमच्या शाळेत नसलेल्या मुलीसाठी. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात उभी. प्रमाणपत्र वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेलं. म्हणाली, "बाई, हे माझं नाही." चुकलंय असं म्हणाली नाही, माझं नाही म्हणाली. मी तिथल्या तिथे दुसरं लिहून दिलं. पण मांडव सुटला होता, तिचे आईवडील घरी गेले होते. तो क्षण मला तिला परत देता आला नाही, आणि याची टोचणी आजही आहे.

तेव्हापासून बक्षिसांची यादी आठवडाभर आधी सूचना फलकावर लावायची आणि मुलानं आपल्या नावापुढे सही करायची, असा शिरस्ता घातला. सूत्रसंचालन करणाऱ्यानं प्रत्येक मुलाला जवळ बसवून नाव कसं म्हणायचं ते ऐकायचं. पुढे त्यात आईचं नाव जोडलं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव छापलेलं असतंच, मग व्यासपीठावरून का नको? पहिल्या वर्षी मांडवात थोडी कुजबुज झाली. दुसऱ्या वर्षी मागच्या रांगेतल्या बाया आपलं नाव आलं की पदर सावरून उभ्या राहायला लागल्या.

२. टक्के सांगाच, पण मूल कुठून निघालं तेही सांगा.

दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो आणि चार वाजेपर्यंत गावच्या चौकात फ्लेक्स चढतो. पहिले पाच चेहरे, खाली टक्के. बोर्डानं गुणवत्ता यादी कधीच बंद केली, सहा विषयांतले सर्वोत्तम पाच धरायला सुरुवात केली, तरी आपल्या डोक्यातली यादी काही बंद झाली नाही. पहिल्या पाचांचं कौतुक व्हायलाच हवं, त्यांनी रात्री जागवलेल्या असतात. पण एका वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. नववीच्या पहिल्या चाचणीत गणितात शंभरपैकी अकरा. बाप अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे हंगामभर तो रात्री गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारायला जायचा आणि सकाळी लाल डोळ्यांनी पहिल्या तासाला बसायचा. दहावीला गणितात त्रेचाळीस मिळाले. अकरापासून त्रेचाळीसपर्यंतची चढण त्या वर्षी शाळेत दुसऱ्या कुणीही चढलं नव्हतं, आणि फ्लेक्सवर त्याच्यासाठी बोटभर जागा नव्हती.

आम्ही मग एक वही घातली. तिला मुलं 'अंतरवही' म्हणायची. जुलैत प्रत्येक विषयशिक्षकानं मूल आज कुठे आहे ते लिहायचं, वर्षअखेरीला पुन्हा बघायचं. ज्यांनी मोठं अंतर कापलं असे दहाजण गुणगौरवात पहिल्या पाचांच्या बरोबरीनं, त्याच रांगेत. यात एक पथ्य पाळायचं. जुने कमी गुण चारचौघांत वाचायचे की नाही, हे त्या मुलाला विचारूनच ठरवायचं. नको म्हणाला तर फक्त नाव आणि विषय. गुऱ्हाळावरचा तो मुलगा मला म्हणाला होता, "वाचा बाई, अकरा पण वाचा."

३. पालकांची हजेरी बुडेल अशी वेळ ठेवू नका.

आमचा कार्यक्रम वर्षानुवर्षं सकाळी अकराला असायचा, कारण ती पाहुण्यांच्या सोयीची वेळ. भांगलणीला किंवा लावणीला जाणाऱ्या आईला अकराच्या कार्यक्रमासाठी दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावं लागतं. मग खुर्च्यांवर नोकरदार पालक दिसायचे आणि बाकीच्या मुलांचे डोळे फाटकाकडे लागलेले असायचे. आम्ही कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाला नेला. तरी वडील मंडळी कमी. चौकशी केली तर कळलं, त्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीची होती आणि सगळे पाणी पाजायला रानात. पुढच्या वर्षी वायरमनकडून पाळीचा तक्ता आणला, दिवसाच्या विजेचा आठवडा बघून तारीख धरली. त्या संध्याकाळी मांडव अपुरा पडला, कडेनं लोक उभे होते.

४. मदत आणि सत्कार एका माईकवर नकोत.

"गरीब, गरजू आणि होतकरू" हे तीन शब्द मी स्वतः कितीतरी वेळा माईकवरून म्हटले आहेत. एका वर्षी गावातल्या एका सज्जनांनी लांबून येणाऱ्या मुलींसाठी सायकली दिल्या. गुणगौरवातच वाटल्या, वर्तमानपत्रासाठी फोटो काढला. आठवीतल्या एका मुलीला त्याच दिवशी वर्गात दुसरी आल्याचं बक्षीसही होतं. आधी तिचं बक्षीस झालं, पाठोपाठ "गरजू" म्हणून तेच नाव. पुढे महिना झाला तरी ती चार किलोमीटर चालतच येत होती. सायकल घरी, गोठ्याच्या भिंतीला टेकलेली. आमच्या एका सहकारी बाईंनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "त्या सायकलीवर बसलं की सगळ्यांना कळतं."

तिची दुसरी आल्याची आठवण आम्ही पुसून टाकली होती. मदत ही गरजेला असते आणि सत्कार कर्तबगारीला. दोन्ही एकत्र झालं की मुलाच्या मनात पहिलं दुसऱ्याला खाऊन टाकतं. नंतर सगळी मदत कार्यालयात, आईवडिलांच्या हाती, फोटोशिवाय. देणाऱ्यांचे आभार वेगळ्या पत्रानं. एकाही देणाऱ्यानं याचं वाईट वाटून घेतलं नाही. फोटोचा आग्रह बहुतेक वेळा आमचाच होता.

५. मिरवणुकीच्या आधी एक खर्च असतो, तो उचला.

आमच्या भागात खाशाबा जाधवांची गोष्ट प्रत्येक मुलाला ठाऊक असते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आले तेव्हा १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती, हे मुलं रंगवून सांगतात. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्याचा क्रीडा दिन आहे. मी मात्र मुलांपुढे आणि त्याहून जास्त शिक्षकांपुढे गोष्टीचा आधीचा भाग सांगायचे. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले होते.

घर गहाण ठेवायची वेळ आपल्यावर सहसा येत नाही. आपल्याकडे येतात त्या छोट्या गोष्टी. खो-खोच्या मुलींचं विभागीय स्पर्धेचं एस.टी.चं भाडं. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या मुलाचे रंग. आठवीतल्या एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज वेळेत भरणं, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला पालकाबरोबर तहसील कचेरीत जाणं. या परीक्षेत निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात आणि अनेक मुलींचं दहावीनंतरचं शिक्षण त्यावर टिकतं. एका वर्षी दाखल्यावाचून आमच्या तीन मुलींचे अर्ज राहिले. तिघी हुशार होत्या. त्यानंतर सप्टेंबरच्या पगारातून थोडे थोडे बाजूला काढून आम्ही शिक्षकांनी 'वाटखर्च' नावाचा डबा सुरू केला.

६. हरून आलेल्या संघाला परिपाठात पुढे बोलवा.

जिंकलेल्यांना बोलवायची आठवण करून द्यावी लागत नाही. हरलेल्यांना दुसऱ्याच दिवशी, राष्ट्रगीत झाल्यावर पुढे घ्या आणि सामना कसा झाला ते त्यांनाच सांगू द्या. सांत्वन करू नका. मुलांना नेमकं काय चुकलं ते सांगायचं असतं.

७. चार महिन्यांसाठी आलेलं मूलही आपल्याच शाळेचं.

दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि साखर कारखान्याच्या माळावर कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटे फडात. मोठी मुलं धाकट्यांना सांभाळत, जमलं तर शाळेत. आष्टी तालुक्यातला एक मुलगा सलग तीन हंगाम आमच्याकडे आला. नोव्हेंबरात यायचा, मार्चअखेरीला कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोड संपली की जायचा. पहिल्या वर्षी शेवटच्या बाकावर गप्प बसायचा. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत आष्टीतल्याच मांडव्याच्या अविनाश साबळेनं स्टीपलचेसचं सुवर्ण आणलं होतं. त्या हंगामात हा मुलगा आला तेव्हा आमच्या मुलांनी त्याला घेरलं, "तू त्याच्याच तालुक्यातला ना?" तेव्हापासून पोरगा बोलायला लागला, आणि असा बोलायला लागला की जानेवारीत कथाकथनात पहिला आला. गोष्ट त्यानं स्वतः रचली होती, उसाच्या गाडीखाली सापडलेल्या कुत्र्याच्या पिलाची.

सही घेण्यासाठी मी त्याला प्रमाणपत्र दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं आणि हळूच विचारलं, "बाई, यावर आमच्या गावच्या शाळेचं नाव घालता येईल का?" मी दोन्ही शाळांची नावं लिहिली. संध्याकाळी त्याची आई फडातून थेट आली होती. हातांवर पाचटाचे ओरखडे, डोक्याला बांधलेलं फडकं तसंच. मी तिचं नाव पुकारलं तेव्हा ती उठलीच नाही, आपलं नाव इथे कोण घेईल म्हणून. मुलानं जाऊन तिला हाताला धरून आणलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या गावच्या मुख्याध्यापकांना फोन केला. त्यांच्या परिपाठात ही बातमी वाचली गेली. हंगामी मुलांचं नाव आपल्या हजेरीपटावर पाहुण्यासारखं राहतं, ही आपल्या शाळांची मोठी उणीव आहे, आणि ती भरायला शासन निर्णयाची वाट बघायचं कारण नाही.

८. बक्षीस कुणाच्या हातून मिळतं हे मुलं लक्षात ठेवतात.

पाहुणे येतात, चाळीस मिनिटं बोलतात, घाईनं पन्नास प्रमाणपत्रं वाटतात. मुलाकडे बघायला त्यांना सवड नसते. आम्ही निम्मी बक्षिसं शाळेतल्याच माणसांच्या हातून द्यायला लागलो. उपस्थितीचं बक्षीस घंटा देणाऱ्या शिपाईमामांच्या हातून, कारण रोज कोण धावत येतं ते त्यांनाच माहीत. पाचवी ते आठवीची बक्षिसं खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या हातून. मावशी प्रत्येक मुलाला नावानं हाक मारायच्या आणि पाठीवर हात ठेवायच्या.

९. जुन्या विद्यार्थ्यांनो, हे तुमच्यासाठी.

डिसेंबर-जानेवारीत तुमच्या शाळेचं स्नेहसंमेलन असेल. निमंत्रणाची वाट पाहू नका, व्यासपीठावर खुर्ची मिळते का तेही बघू नका. मुख्याध्यापकांना फोन करून एवढंच विचारा, कुणाच्या घरचं कुणी येऊ शकणार नाही. अशी तीन-चार मुलं दर वर्षी असतात. त्यांच्यापैकी एकाचं नाव विचारून घ्या, मागच्या रांगेत बसा, आणि ते पुकारलं गेलं की उभे राहा.