शुक्रवारच्या आत

कराड

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

काल ताईचा फोन आला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तू लॅपटॉपवर पगार, पेन्शन, बदल्या असे रकाने भरत बसतोस आणि जेवायला हाक मारली की तिच्या अंगावर येतोस, म्हणे. जलसंपदातली ज्युनिअर इंजिनिअरची ऑर्डर टेबलावर, मेट्रोच्या कंत्राटदाराचं पत्रही टेबलावर, आणि शुक्रवारी मुदत संपते. अरे, लोकांची पोरं एका ऑर्डरसाठी डोळे लावून बसलीत! आधी आईची माफी माग, मग पुढचं वाच.

खात्यातली नोकरी तुला माहीत आहे. लहानपणी माझ्या जीपमधून कालव्यावर हिंडलायस. आवर्तन सुटलं की टेलचे शेतकरी दारात. मोजमाप पुस्तकातली एक चुकीची नोंद निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही. मेट्रोवर हाताला काम भरपूर, शिकशीलही भराभर, पण ते संपल्यावर पुढची साइट कुठं, हे कोण सांगणार? तुझ्या रकान्यांची बेरीज सारखीच येतेय ना? मग कुठलंही घेतलंस तरी फार बिघडत नाही, एवढं साधं गणित इंजिनिअरला सुचू नये?

काँक्रीटचा क्यूब आपण 7 दिवसांनी फोडतो, 28 दिवसांनी फोडतो. ओतायच्या आधी फोडायला मागणारा तूच पहिला.

मलाही तेव्हा तंत्रनिकेतनात शिकवायची नोकरी चालून आली होती. धरलं खातं, पण मन तिकडंच. ऐन पावसात भराव खचला की चिखलात उभ्या-उभ्या वाटायचं, मास्तर झालो असतो तर आता पांघरुणात असतो. आमचे एक जुने कालवा निरीक्षक होते. भरावाच्या पायथ्याची ओल बघून पाझर कुठं आहे ते सांगायचे, खेकड्याचं बीळ लांबून ओळखायचे. त्यांच्यामागं हिंडून शिकायची वर्षं मी कुढण्यात घालवली. नोकरी चुकली नव्हती रे. मी तिथं नव्हतो. तू शुक्रवारी सही करशील आणि शनिवारपासून दुसऱ्या पत्राकडं बघत बसशील, ही माझी खरी धास्ती.

‘एकदा चुकलं की संपलं’ असं तू ताईला म्हणालास. डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. पूर्णवेळ नट झाले ते 1969 मध्ये, चाळिशी उलटल्यावर. मोहन आगाशे तर मानसोपचारही करत राहिले आणि नाटकही. मोठी माणसं ती, मान्य. पण तुला तर एका कामावरून दुसऱ्या कामावर जायचंय, तेही सिव्हिलमधलंच. पंचविशीसुद्धा गाठली नाहीस अजून.

फार बोललो. बापू गेल्यापासून घरचा सगळा भार आपल्यावरच, असं तुला वाटतं; त्यामुळंच हा घोर, ते कळतं मला. पण तो भार तुझ्या एकट्यावर नाही. खात्यात जाणार असशील तर कागदपत्रं पडताळायला मी बरोबर येईन. मेट्रोसाठी पुण्याला गेलास तर खोलीच्या डिपॉझिटचं मी बघतो, ताईला बोलू नकोस. मामीनं डिंकाचे लाडू केलेत. रविवारी ये, आणि येताना ते रकाने आणू नकोस.

तुझा,
मामा