आधार आणि परावलंबन : जॉर्ज व लेनीची मैत्री

कला शाखेत शिकत असताना जॉन स्टाइनबेक यांची ‘ऑफ माइस अँड मेन’ ही छोटी कादंबरी आम्ही प्रथम वाचली. तेव्हा तिच्यातील जॉर्ज आम्हाला आदर्श मित्र वाटला होता. चाळिशी ओलांडल्यावर ती पुन्हा वाचली, तेव्हा एक प्रश्न मनात घर करून राहिला. आधार देणाऱ्याने दुसऱ्याला किती सांभाळावे आणि किती शिकवावे? या प्रश्नाच्या अनुषंगाने हा अल्पसा अभ्यास वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्टाइनबेक (१९०२-१९६८) हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातले. तरुणपणी त्यांनी मळ्यांवर मजुरी केली होती. ही कादंबरी १९३७ साली प्रसिद्ध झाली. १९६२ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. कादंबरीचा काळ महामंदीचा आहे. कामासाठी या मळ्यावरून त्या मळ्यावर भटकणाऱ्या मजुरांना ना घर, ना सोबती. अशा वेळी जॉर्ज आणि लेनी हे दोघेच जोडीने फिरतात. जॉर्ज अंगाने लहान, पण चलाख. लेनी धिप्पाड, ताकद बैलाची आणि बुद्धी लहान मुलाची. क्लारा मावशीने त्याला वाढविले. तिच्या मृत्यूनंतर तो जॉर्जबरोबर कामाला जाऊ लागला.

मऊ वस्तू कुरवाळण्याचे लेनीला वेड आहे. वीड नावाच्या गावी त्याने एका मुलीच्या लाल झग्याला हात लावला. ती ओरडली, तो घाबरला आणि घाबरल्यामुळे झगा सोडीना. दोघांना तेथून पळ काढावा लागला. आता ते सोलेदादजवळच्या एका मळ्यावर आले आहेत. थोडी जमीन, एक गाय आणि लेनीने सांभाळायचे ससे, हे दोघांचे स्वप्न आहे. जॉर्ज ते पुन्हा पुन्हा सांगतो आणि सांगता सांगता त्याचाही त्यावर विश्वास बसतो. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. लेनी जॉर्जवर अवलंबून आहे हे उघड दिसते. पण जॉर्जलाही लेनी हवा आहे. लेनीशिवाय तो इतर मजुरांसारखाच एकटा पडेल.

आता जॉर्जच्या मार्गदर्शनाकडे पाहू. दोघांची कामाची कार्डे तो स्वतःच्याच खिशात ठेवतो. मालकापुढे तोंड उघडू नकोस, अशी लेनीला ताकीद देतो आणि त्याच्या वतीने स्वतः उत्तरे देतो. मालकाला संशय येतो, की हा त्याची मजुरी तर लाटत नाही ना! जॉर्जच्या मनात तसे काही नाही. पण पद्धत तीच आहे.

आम्ही बँकेत काम करतो. खिडकीवर कधी कधी एक माणूस दुसऱ्याला घेऊन येतो. पासबुक याच्या हातात, स्लिप हाच भरणार, विचारले तर उत्तरही हाच देणार. खातेदाराने फक्त अंगठा उमटवायचा. आणणाऱ्याची नियत बहुधा चांगलीच असते. परंतु एखाद्या दिवशी तो आला नाही, की खातेदार स्वतःच्याच पैशांसाठी बाकावर ताटकळत बसतो.

नेमका हाच प्रश्न कादंबरीत क्रुक्स हा काळा मजूर विचारतो. वर्णामुळे त्याला इतर मजुरांच्या खोलीत प्रवेश नाही. घोड्यांचे सामान ठेवण्याच्या खोलीत तो एकटा राहतो. जॉर्ज परत आलाच नाही तर तुझे काय, असे तो लेनीला विचारतो. लेनी प्रथम घाबरतो, मग चिडतो. त्याच्याकडे उत्तर नाही, कारण जॉर्जनेही ते तयार केलेले नाही.

पुढे तेच घडते. जॉर्ज जवळ नसताना मालकाच्या मुलाची, कर्लीची, बायको गोठ्यात येते आणि लेनीला आपले केस कुरवाळू देते. तो जोरात धरतो, ती ओरडते. जॉर्ज रागावेल, ससे सांभाळू देणार नाही, एवढीच भीती त्याच्या मनात असते. तिला गप्प करण्याच्या धडपडीत तिची मान मोडते. वीडला घडले तेच येथे घडले. या वेळी जीव गेला.

विद्यार्थी मित्रांनो, एक बारकावा पाहा. संकट आले तर नदीकाठच्या झुडपांत लप, हे जॉर्जने लेनीकडून घोकून घेतले होते. विसराळू लेनीला ते बरोबर आठवते आणि तो तेथेच जाऊन लपतो. म्हणजे वारंवार घोकलेले त्याच्या ध्यानात राहत होते. त्याला लपणे आणि गप्प बसणे शिकविले गेले. समोरची व्यक्ती ओरडली की मूठ सोडावी, हे नाही. शिकविले असते तर ते नक्की साधले असते, असे आमचे म्हणणे नाही. पण प्रयत्न झालेला दिसत नाही.

अखेर कर्ली बंदूक घेऊन शोधत निघतो. इतरांच्या हाती लागून लेनीचे हाल होऊ नयेत म्हणून जॉर्ज त्याला सशांचे स्वप्न सांगत सांगत स्वतःच गोळी घालतो. मजुरांमध्ये मान असलेला स्लिम तेवढा त्याचे दुःख जाणतो.

जॉर्जला दोषी ठरविणे सोपे आहे. परंतु तो स्वतः गरीब व बेघर होता, आणि अशा माणसाला सांभाळणारी दुसरी कोणतीही माणुसकीची सोय त्याच्यासमोर नव्हती. तरीही त्याच्या चुकीतून आपण शिकू शकतो. भीती आणि आमिष यांवर चाललेले मार्गदर्शन, मार्गदर्शक उठून गेला की संपते. एका नातीने आजीला सही शिकविलेली आम्ही खिडकीवर पाहिली आहे. पहिल्या दिवशी एका सहीला दहा मिनिटे लागली आणि रांग कुरकुरली. पुढच्या महिन्यात आजी एकटी आली. आपण ज्यांना हात देतो, त्यांच्या बाबतीत ही दहा मिनिटे आपण देतो का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.