आरोग्य मानसशास्त्र : विद्यार्थ्यांची ज्ञानाची देवघेव

रोगावर औषध असते. परंतु ते औषध घेणारा माणूस भितो, विसरतो, संकोचतो आणि कित्येकदा उपचार अर्ध्यावर सोडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, विकसित देशांतही दीर्घकालीन आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे उपचार घेतात. या वर्तनामागील कारणांचा शोध घेणारे शास्त्र म्हणजे आरोग्य मानसशास्त्र होय. शरीर, मन आणि सामाजिक परिस्थिती यांचा एकत्र विचार केल्याखेरीज आजाराचे आकलन पूर्ण होत नाही, ही भूमिका अमेरिकन वैद्य जॉर्ज एंगेल यांनी १९७७ साली मांडली. पुढील वर्षी अमेरिकन मानसशास्त्र संघटनेत या विषयाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. आपल्याकडेही हा विषय शिकविला जातो. हैदराबाद विद्यापीठात त्याचे स्वतंत्र केंद्र आहे.

या विषयाचे विद्यार्थी रुग्णांशी बोलतात, प्रश्नावल्या भरून घेतात आणि प्रबंध लिहितात. परीक्षा झाली की तो प्रबंध बहुधा कपाटात जातो. शेजारच्या महाविद्यालयातील विद्यार्थी तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून हाताळतो आणि ज्या परिचारिकेला त्या निष्कर्षाचा उपयोग व्हावयाचा, तिच्या कानी तो पडतच नाही. हे टाळावयाचे तर अभ्यास थोडक्यात मांडण्याची आणि परस्परांशी संबंध जोडण्याची सवय विद्यार्थिदशेतच लागली पाहिजे.

अफझलगंजचा धडा

हैदराबादच्या अफझलगंज भागाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने आपल्यालाही हे स्थळ परके नाही. आज तेथे उस्मानिया रुग्णालय आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील अफझलगंज रुग्णालय व हैदराबादची वैद्यक शाळा यांची सूत्रे डॉ. एडवर्ड लॉरी यांच्याकडे होती. क्लोरोफॉर्मची भूल देताना काही रुग्ण अचानक दगावत. त्याचे कारण शोधण्यासाठी १८८८ व १८८९ साली निजाम सरकारच्या साहाय्याने दोन आयोग नेमले गेले आणि शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकातर्फे डॉ. लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. भूल देण्याच्या शास्त्रात पुढे नाव मिळविणाऱ्या रूपाबाई फर्दुनजी या त्याच शाळेच्या विद्यार्थिनी.

आयोगाने असा निष्कर्ष काढला की, क्लोरोफॉर्ममुळे प्रथम श्वास थांबतो, हृदय नव्हे. म्हणून श्वासावर लक्ष ठेवावे. श्वासाकडे लक्ष देण्याचा सल्ला उपयुक्त होता. परंतु हृदयाविषयीचे विधान टिकले नाही. निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते, म्हणूनच इतरांना ते तपासता आले. १९११ साली डॉ. गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, भूल हलकी असताना शरीरात ॲड्रेनॅलिन वाढल्यास हृदयाची लय विस्कटून मृत्यू ओढवू शकतो. भीतीच्या क्षणी शरीर हेच द्रव्य स्रवत असते. रुग्णाच्या मनातील भीती शस्त्रक्रियेच्या मेजापर्यंत त्याच्यासोबत येते, हे यावरून ध्यानात येईल.

ही भीती कमी करता येते काय? बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॉ. एग्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली ९७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर वेदना का होतील व त्या वेळी काय करावे, हे ज्यांना भूलतज्ज्ञाने आधी समजावून सांगितले, त्यांना वेदनाशामक औषध सुमारे निम्मेच लागले आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. एवढा मोठा निष्कर्ष दोन वाक्यांत सांगता येतो, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

मांडणी कशी करावी

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली संशोधक विद्यार्थ्यांसाठी तीन मिनिटांत प्रबंध मांडण्याची स्पर्धा सुरू केली व ती अनेक देशांत पसरली. आपल्या महाविद्यालयांत स्पर्धेविनाही असे करता येईल. तीन मिनिटांत चार गोष्टी याव्यात :

१. प्रश्न कोणता? तो एका वाक्यात सांगावा. उदाहरणार्थ, ‘मधुमेहाचे रुग्ण गोळ्या मध्येच का थांबवितात?’
२. कोणास विचारले? रुग्ण किती, कोठले व कोणत्या भाषेत बोलले, हे सांगावे. तेलुगू, उर्दू वा मराठी बोलणाऱ्या रुग्णास इंग्रजी प्रश्नावलीचे तोंडी भाषांतर करून विचारले असेल, तर तेही स्पष्ट करावे.
३. काय आढळले? एकच मुख्य निष्कर्ष घ्यावा.
४. काय सिद्ध झालेले नाही? ही बाब वगळू नये. वीस रुग्णांवरून साऱ्या जिल्ह्याविषयी बोलता येत नाही.

रुग्णाचे नाव, गाव, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील मांडणीत असता कामा नये. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही त्याची ठेव आहे.

परिचयाचा उपयोग

मांडणीइतकेच महत्त्व त्यानंतरच्या अर्ध्या तासाला आहे. श्रोत्यांत प्राध्यापकांबरोबर परिचारिका, औषधनिर्माते, समाजसेवा अधीक्षक व आशा कार्यकर्त्या असाव्यात. ‘गोळ्या संपल्या की रुग्णाला दिवसाची मजुरी बुडवून यावे लागते’ ही माहिती आशा कार्यकर्ती सहज देईल; प्रश्नावलीत कदाचित तो प्रश्नच नसेल. प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एका अपरिचित व्यक्तीशी बोलून तिची सूचना वहीत नोंदवावी आणि महिन्याभरात त्या सूचनेचे काय केले, हे तिला कळवावे. दोन महाविद्यालयांचे प्रश्न सारखे असतील, तर एकच प्रश्नावली वापरून दोन्हीकडची माहिती एकत्र पाहता येईल. परिचयाचे रूपांतर सहकार्यात होते ते अशा पाठपुराव्यातून.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. एक वर्गखोली, एक घड्याळ व रुग्णालयाला वेळेवर धाडलेले निमंत्रण पुरेसे आहे. आपला निष्कर्ष चारचौघांत तपासून घेण्याची तयारी मात्र हवी. अफझलगंजच्या प्रयोगातील चूक सुधारण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. आजच्या विद्यार्थ्याच्या निष्कर्षातील उणीव पहिल्याच सभेत एखाद्या परिचारिकेने दाखवून दिली, तर तिचा लाभ दुसऱ्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभ्या राहणाऱ्या रुग्णालाच होणार आहे.